विरोधी पक्षाचं नेतेमंडळ निवडायला गूगल फॉर्म्स: मोजणी चोख, गुप्तता कच्ची

युवा संसदेत मंत्रिमंडळ पंतप्रधान ठरवतो, ते काम दहा मिनिटांचं. विरोधी पक्षाने मात्र आपलं नेतेमंडळ मतदानाने निवडायचं म्हटलं की ३० मतदार, १५ उमेदवार, ७ जागा असा हिशेब येतो. मग रामबाग असो की सुदामानगर, इंदुरातल्या मंडळात कोणी ना कोणी म्हणतंच, “गूगल फॉर्म करून टाकू.” या कामापुरते त्याला पाचपैकी तीन तारे.

फुकट आहे, मोबाइलवर चालतो. ‘चेकबॉक्सेस’चा प्रश्न घ्या, ‘रिक्वायर्ड’ चालू करा, खालच्या तीन टिंबांतून ‘रिस्पॉन्स व्हॅलिडेशन’ उघडा आणि ‘सिलेक्ट अ‍ॅट मोस्ट’समोर ७ लिहा. आठव्या नावावर खूण केली की फॉर्म जातच नाही. कागदावर अशी मतपत्रिका बाद झाली असती. तिथेच ‘शफल ऑप्शन ऑर्डर’ आहे. ते चालू केलं की आडनाव आपटे म्हणून यादीत कायम पहिलं राहण्याचा फायदा कोणाला मिळत नाही.

‘सिलेक्ट एक्झॅक्टली’च्या वाटेला जाऊ नका. चारच उमेदवार पटले असतील, तर उरलेली तीन मतं माणूस कुठेतरी उधळतो. ब्रिटनच्या मजूर पक्षाचे खासदार विरोधात असताना छाया मंत्रिमंडळ, म्हणजे विरोधी पक्षाचं नेतेमंडळ, मतदानाने निवडत. १९९३ मध्ये किमान ४ स्त्रियांना मत देणं सक्तीचं झालं, तेव्हा काहींनी ती मतं मुद्दाम हरणाऱ्या उमेदवारांना दिल्याची बरीच चर्चा झाली. २०१० मध्ये १९ जागांसाठी ४९ जण उभे होते. २०११ मध्ये पक्षाने ही पद्धतच मोडीत काढली. असा कोटा तुम्हाला ठेवायचा असेल, तर एका यादीत ‘किमान दोन स्त्रिया’ हे फॉर्म तपासू शकत नाही. दोन याद्या केल्या, तर दोन्ही मिळून सात झाले का, हे कळत नाही. ते हातानेच पाहावं लागतं.

खरी अडचण गुप्ततेची. ‘लिमिट टू १ रिस्पॉन्स’ लावलं की गूगल खात्याने लॉगिन करावं लागतं. बंधन खात्याला आहे, माणसाला नाही: आजी-आजोबांचा एकच जीमेल असेल तर दुसऱ्याचं मत अडतं, आणि नातवाची तीन खाती असतील तर तो तीनदा देतो. ईमेल गोळा करणं बंद ठेवलं तरी उत्तरं जमा होतात त्या गूगल शीटच्या पहिल्या रकान्यात वेळ सेकंदासकट उमटते. कोणी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ७:४२ ला “झालं बुवा मत देऊन” असं टाकलं आणि शीटमध्ये ७:४२ ची ओळ एकच असली, की संपलं. शिवाय फॉर्म बनवणाऱ्याला निकाल पहिल्या मतापासून दिसत असतो. तो स्वतः उमेदवार असेल तर फॉर्म त्याच्या हाती नकोच.

खात्यांवर उपाय आहे: ३० चिठ्ठ्यांवर सहा अक्षरी कोड लिहून डब्यातून उचलायला लावा आणि फॉर्ममध्ये कोड विचारा. कोणता कोड कोणाकडे, हे कोणालाच कळत नाही. दोनदा आलेला कोड मोजणीत पकडता येतो. मग लॉगिनची अट काढून टाका. वेळेचा रकाना मात्र जात नाही, म्हणून मतदान होईपर्यंत ग्रुप बंद ठेवा.

मोजणी सारांशातल्या आलेखावरून करा. शीटमध्ये एकाची सगळी नावं स्वल्पविराम देऊन एकाच चौकटीत येतात. तिथे काउंटइफ या मोजणीच्या सूत्राने नुसतं ‘*जोशी*’ शोधलं तर दोन्ही जोशींची मतं एकत्र होतात. फॉर्ममधून मत खोडलं तरी शीटमधली ओळ राहते, तेव्हा दोन्हींचे आकडे जुळवून पाहणं ही बरी तपासणी आहे.

विरोधी पक्षनेत्याला मान्यता देणं हे सभागृहाच्या अध्यक्षांचं काम, फॉर्मचं नाही. २०१४ मध्ये काँग्रेसचे ४४ खासदार लोकसभेच्या एकूण जागांच्या एकदशांशाला कमी पडले, तेव्हा नकार देणाऱ्या लोकसभा अध्यक्ष इंदूरच्याच सुमित्राताई महाजन होत्या.

तीसही जण एकाच सभागृहात असतील तर फॉर्म कशाला? खोक्याला भोक पाडा, मतपत्रिका एकाच प्रकारच्या कागदावर छापा, सगळ्यांना एकाच रंगाचं पेन द्या.