सागवानी खुर्चीला मिल्क पेंट की लाखेचं पॉलिश?

अमळनेरच्या मावसभावाकडे आजोबांची सागवानी हातखुर्ची आहे. रंगवावी की पॉलिश करावी, यात तो अडकलाय.

खर्चात लाख स्वस्त. चपडा (लाखेच्या पातळ पापड्या) आणि तो विरघळवायचं स्पिरिट गावातच मिळतं, मिल्क पेंटची पूड बहुधा ऑनलाइन मागवावी लागते.

मेहनतीचं गणित मोठं. मिल्क पेंट म्हणजे दुधातलं केसिन हे प्रथिन, चुना आणि रंगद्रव्य. पूड पाण्यात कालवली की शक्यतो त्याच दिवशी संपवायची, नंतर ती नासते. कोऱ्या लाकडात हा रंग मुरतो, जुन्या वार्निशवर मात्र त्याचे पापुद्रे सुटतात. काहींना तोच जुनाट अवतार आवडतो, मला नाही. म्हणून आधी खरवडणं आलंच. खानदेशातल्या मे महिन्यात तर सकाळीच हात मारा, उन्हात ब्रशच्या रेघा तशाच वाळतात. लाखेचे कापडाच्या बोळ्याने पातळ हात द्यायचे, पण पावसाळी दमट हवेत पांढुरकी झाक येते.

टिकाऊपणात लाख गरम कपाला घाबरते, पण डागापुरतं पुन्हा पॉलिश करता येतं. मिल्क पेंटवर तेल किंवा मेण हवंच.

सागाच्या रेषा दिसायला हव्यात, तर लाख. ठिगळं, जोड झाकायचे असतील तर मिल्क पेंट. खुर्ची ओट्यावर उन्हापावसात राहणार असेल, तर दोन्ही नकोत.