स्टिअरिंग कॉलम बनवून घेताना फसलो, पैसे देण्याआधी हे वाचा

साठच्या दशकातली एक रेस कार उभी करतोय. तिचा मूळचा कॉलम म्हणजे स्टिअरिंग व्हीलपासून स्टिअरिंग बॉक्सपर्यंत (व्हीलचं फिरणं चाकांकडे पोचवणारा गिअरचा डबा) एकच सरळ शाफ्ट, समोरून धडक बसली तर थेट छातीत येणारा. म्हणून ठरवलं की मधे दोन यूजे (युनिव्हर्सल जॉइंट, कोनात वाकूनही फिरणारे सांधे) टाकून कोनात वळवलेला नवीन कॉलम करून घ्यायचा. ज्याला काम दिलं त्याला सगळं तोंडपाठ, सीमलेस (शिवण नसलेली) क्रोमोली म्हणजे मजबूत मिश्र पोलादाची ट्यूब, जोडाच्या आत स्लीव्ह (दोन्ही टोकांत बसणारा नळीचा तुकडा), टिग वेल्डिंग. पैसे सगळे आधी मागितले, मी दिले, आणि कामाचे फोटो मागितले की एकच उत्तर, पेंट झाला की पाठवतो. तिथेच मला थांबायला हवं होतं.

कॉलम आला, काळाभोर, चकचकीत. बसवून फिरवला तर एका फेरीत दोनदा जड, दोनदा हलका. मला वाटलं बॉक्सच खराब आहे, तो खोलून दोन दिवस घालवले. मग गाडीखाली झोपून नीट बघितलं तर मधल्या शाफ्टच्या दोन टोकांचे फोर्क (यूजेचे दोन बोटांचे काटे) एका रेषेत नव्हतेच, 90 अंश फिरवून वेल्ड केलेले. 30 अंशात वाकलेला एक यूजे पुढच्या शाफ्टचा वेग एकाच फेरीत साधारण 13 टक्के कमी आणि 15 टक्के जास्त करत राहतो, दुसरा तेवढ्याच कोनात आणि नीट जुळवून लावला की फरक निघून जातो, आणि असा चुकीचा लावला की उलट दुप्पट होतो. वळणात हे हातात आलं असतं तर काय झालं असतं याचा विचारच करवत नाही.

मग संशय आला म्हणून पेंट खरवडला. खाली पुट्टी! जोड हॅकसॉने कापला तर आत स्लीव्ह नाही, दोन टोकं नुसती समोरासमोर ठेवून वरवर वेल्ड मारलेला आणि ग्राइंडरने सपाट केलेला. ट्यूबमधे टॉर्च मारला तर आतून लांबच लांब शिवण दिसली, म्हणजे साधा वेल्डेड पाइप. फोटो पाठवले तर म्हणाला गाडी फक्त शोमधे उभी राहणार असं वाटलं, आणि त्यानंतर फोनच उचलला नाही. पैसे गेले ते गेलेच.

आता ट्यूब मीच आणलीये, टोकातून आत बघून. नवीन माणसाला पैसे टप्प्याटप्प्याने देतोय, स्लीव्ह आत बसल्याचा आणि वेल्डचा फोटो पेंटआधी आल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. तोपर्यंत गाडी स्टँडवरच आहे.