काश्मीरच्या थंडीत गाडी मिसिंग मारली आणि चांगले इंजेक्टर गेले

डिसेंबर-जानेवारीत काश्मीरला कांदा घेऊन जाणाऱ्या आणि येताना सफरचंद भरणाऱ्या गाडीमालकांसाठी हे लिहितोय. आपल्याकडची गाडी तिथे पहाटे रुसते, तेव्हा पुष्कळदा तिला काहीच झालेलं नसतं. हे सगळ्यात आधी कळतं ते रस्त्यावरच्या मिस्त्रीला, आणि त्याने ठरवलं तर मालकाला कधीच कळत नाही.

माझी एकच गाडी आहे, बारा टायर, बीएस-6. ड्रायव्हर आमच्याच तालुक्यातले, वयाने माझ्यापेक्षा मोठे. मी त्यांना अण्णा म्हणतो, ते मला शेठ म्हणतात. पिंपळगावहून कांदा भरून गाडी श्रीनगरला निघाली. टाकी गुजरातेत फुल्ल केली, पंजाबात थोडं वर घातलं. चिल्ले कलान, म्हणजे 21 डिसेंबरपासूनची चाळीस दिवसांची कडक थंडी, नुकतंच लागलं होतं. बनिहालचा साडेआठ किलोमीटरचा बोगदा ओलांडून काश्मीर खोऱ्यात काझीगुंडला उतरलं की हवाच बदलते. पुढचा रस्ता बंद होता, गाडी रात्रभर रांगेत उभी राहिली. सकाळी सेल्फ मारला, गाडी सुरू झाली, आणि दोन मिनिटांत मिसिंग मारायला, म्हणजे झटके देत चालायला लागली. पांढरा धूर, रेस दिली तरी उचल नाही, मग बंद. थोडं थांबून पुन्हा सुरू, पुन्हा बंद. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा.

आजार एवढ्यावरूनच ओळखू येतो. डिझेलमध्ये मेण विरघळलेलं असतं. थंडी वाढली की त्याचे बारीक कण होतात, डिझेल गढूळ दिसायला लागतं आणि ते कण फिल्टरच्या कागदावर थापले जातात. फिल्टरमध्ये आधीच आत आलेल्या डिझेलवर गाडी सुरू होते, नंतर पुरवठा तुटतो आणि ती दम टाकते. थोडा वेळ बंद ठेवली की जेमतेम पाझरतं, म्हणून परत सुरू होते. आपल्या देशातल्या डिझेलच्या मानकात, आयएस 1460 मध्ये, कोणत्या तापमानाला फिल्टर अडायला लागतो याची कमाल मर्यादा उन्हाळ्यासाठी 18 आणि हिवाळ्यासाठी 6 अंश आहे. काझीगुंडची पहाट शून्याखाली. लडाखसाठी तर इंडियन ऑइलने 2019 च्या नोव्हेंबरात उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल आणलं, ते काही हौस म्हणून नाही.

मिस्त्री मोटरसायकलवरून स्वतःच आला, कोणी बोलावलं नव्हतं. हातात छोटा स्कॅनर. त्यावर ‘रेल प्रेशर कमी’ असा कोड आला. रेल म्हणजे इंजेक्टरांना दाबाने डिझेल पुरवणारी नळी. कोड खराच होता, आणि खरी गंमत इथेच आहे. फिल्टर चोक झाला, लाइनने हवा घेतली, टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप ढिला पडला किंवा रेलला दाब देणारा मोठा पंप खरोखर गेला, या सगळ्यांत हाच कोड येतो. त्याने तो अण्णांना दाखवला आणि मला फोन लावला. “सेठजी, पंप गया, नोजल भी गये.” नोजल म्हणजे इंजेक्टर, इंजिनात डिझेलचा फवारा मारणारे. मग फिल्टर कापून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. कागदावर चमकणारी लोखंडाची भुकटी. ती कोणाच्या फिल्टरची होती, देव जाणे.

पंप खरंच झिजून लोखंड सोडत असेल, तर ती भुकटी रेलमध्ये, पाइपात, रिटर्न लाइनने टाकीतही जाते. टाकी आणि लाइन धुतल्याशिवाय नवा पंप लावला तर तोही मरतो. या बाबाने टाकीचं झाकणसुद्धा उघडलं नाही.

त्याहून वाईट पुढे केलं. अण्णांपासून लांब जाऊन मला म्हणाला, तुमच्या ड्रायव्हरने डिझेल विकून रॉकेल ओतलंय, त्याला आत्ता काही बोलू नका, रस्त्यात गाडी सोडून जाईल. तिकडे अण्णांना सांगितलं, शेठ म्हणतात नुकसान तुमच्या पगारातून कापणार. म्हणजे आम्ही दोघं एकमेकांशी मोकळं बोलणारच नाही याची त्याने सोय करून ठेवली. माझ्या मते ही त्याच्या धंद्यातली सगळ्यात कसबी गोष्ट. पाना कोणीही फिरवतो.

चार इंजेक्टर आणि पंपाचं काम, एक लाख दहा हजार. “जुने जमा करावे लागतील, तरच हा भाव.” जमा करून घेण्याची पद्धत या धंद्यात खरीच आहे, म्हणून कोणाला खटकत नाही. पैसे यूपीआयने घेतले, तेही तिसऱ्याच नावावर. बिल म्हणून वहीचा फाडलेला कागद, जीएसटी नंबर नाही. दुपारी ऊन पडलं तेव्हा काम संपलं आणि गाडी झकास सुरू झाली. होणारच. नवा फिल्टर पडला होता आणि डिझेल कोमट झालं होतं.

अण्णांनी मला नंतर सांगितलं की रांगेत पुढे एका सरदारजींची गाडी अगदी अशीच बंद पडली होती. त्यांनी ढाब्यावरून उकळतं पाणी आणलं, फिल्टरवर आणि त्याच्या पाइपांवर ओतलं, हातपंपाने डिझेल चढवलं आणि निघून गेले.

परतीला काश्मीरमधल्याच लासीपोऱ्याच्या कोल्ड स्टोअरमधून सफरचंद भरलं. पठाणकोट उतरून हवा उबदार झाली तरी गाडी आयडलला थरथरतच होती, काळा धूर, ॲव्हरेज पडलेलं. थंडीचा दोष असता तर तो अंबाल्यापर्यंत टिकला नसता. नाशिकला वर्कशॉपमध्ये इंजेक्टरच्या रिटर्नला नळ्या लावून बाटल्यांत डिझेल जमा केलं. दोन बाटल्या बरोबरीने भरल्या, चार भराभर, म्हणजे ते चार इंजेक्टर आतून गळत होते. प्रत्येक इंजेक्टरच्या माथ्यावर अक्षर-आकड्यांचा बारीक कोड कोरलेला असतो आणि नवा बसवला की तो ईसीयूत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, भरावा लागतो. ईसीयूत माझे जुनेच सहा कोड होते. इंजिनवरच्या चारांचे कोड भलतेच, म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचे झिजलेले इंजेक्टर. पंपाला तर हातही लागलेला नव्हता, कंपनीच्या रंगाची खूण नटावर जशीच्या तशी.

आता गाडी निघण्याआधी आम्ही इंजेक्टरचे कोड आणि पंपाचा नंबर दिसेल असे फोटो काढून अण्णांच्या आणि माझ्या, दोघांच्या फोनमध्ये ठेवतो. गाडीत एक पारदर्शक काचेची बाटली आणि दोन नवे फिल्टर असतात. गाडी अडली की आधी टाकीच्या तळाचं डिझेल बाटलीत घ्यायचं. दुधाळ दिसलं तर बाटली गरम पाण्यात धरायची. निवळलं तर मेण. तळाला वेगळा थर बसला तर पाणी. तेव्हा सेपरेटरमधून ते काढून टाकायचं. दोन्ही नसेल तर पुढचा विचार. सेल्फच हळू फिरत असेल तर इंजेक्टरचं नाव काढायच्या आधी बॅटरी बघावी, थंडीत तिची ताकद घटते. आणि कोणी युरिया गोठला म्हणून घाबरवलं तर लक्षात ठेवा, डीईएफ, म्हणजे धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते युरियाचं पाणी, साधारण उणे 11 ला गोठतं, त्यामुळे गाडी सुरू होऊन दोन मिनिटांत अशी मरत नाही.

टाकीखाली जाळ करणारे आणि डिझेलमध्ये रॉकेल मिसळणारे भेटतील. पहिल्यात गाडी जळते. दुसऱ्यात डिझेलचं वंगण कमी होतं आणि बीएस-6 चे पंप-इंजेक्टर खरोखरच जातात. त्यापेक्षा खोऱ्यात उतरण्याआधी टाकी रिकामी होत येईल असा हिशेब ठेवून तिथलं डिझेल भरावं.

तक्रारीचं सांगतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंदवली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा करता येतो, काश्मीरला खेटे घालावे लागत नाहीत. स्वतःच्या पोटापाण्यासाठी गाडी चालवणाऱ्याला कायद्यात जागा आहे, ताफा असेल तर व्यावसायिक म्हणून अडवतात. माझ्याकडे पुरावा म्हणून यूपीआयची नोंद, वहीचा कागद, तो भुकटीचा फोटो आणि वर्कशॉपचा कोडसकट लेखी रिपोर्ट आहे. मिस्त्रीचा फोन बंद लागतो. ज्याच्या खात्यावर पैसे गेले त्याला नोटीस पोचली आहे, उत्तर आलेलं नाही.

माझे चार इंजेक्टर कोणाच्या तरी गाडीत बसलेले असणार. त्या पट्ट्यात कोणी ‘कंपनीचे, थोडेच वापरलेले’ म्हणून स्वस्तात देऊ केले असतील तर माथ्यावरचे कोड मला कळवा, माझ्याकडचे मी ताडून सांगतो.