व्हेरिगेटेड फायकस: रोप चोख, सल्ला अर्धवट

कोल्हापूरच्या ताराबाई पार्कातील आमच्या बागेच्या पश्चिमेला जुना आंबा असल्याने सकाळी तीन-चार तास ऊन आणि पुढे दिवसभर सावली, असा हिशेब आहे. या जागेसाठी गेल्या वर्षीच्या मे महिन्यात शहराबाहेरच्या एका रोपवाटिकेतून पांढऱ्या कडांच्या पानांचा (म्हणजेच व्हेरिगेटेड) फायकस बेंजामिना हा शोभेचा वृक्ष ६५० रुपयांना घेतला. साडेतीन फुटी रोप निरोगी होते, पानांवर कीड नव्हती. पिशवी फाडल्यावर मात्र मुळे तळाशी वेटोळे घालून बसलेली दिसली आणि ती हाताने सैल करावी लागली.

‘हे सावलीतलेच झाड, आंब्याखाली बिनधास्त ठेवा,’ असे विक्रेत्याने सांगितले, आणि माझी खरी तक्रार याच वाक्याबद्दल आहे. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसते, त्यामुळे असे झाड साध्या हिरव्या फायकसपेक्षा हळू वाढते आणि त्याला उजेड अधिक लागतो. आंब्याच्या दाट सावलीत, त्यात पावसाळ्याचे ढगाळ महिने आल्यावर, पाने गळू लागली आणि बुंध्याजवळून एक पूर्ण हिरवा फुटवा जोमाने वर निघाला. तो पाहून मी आधी सुखावलो होतो, हे कबूल करतो. असा फुटवा राहू दिल्यास तो पांढऱ्या फांद्यांना मागे टाकतो, म्हणून तो मुळाशी कापला. कापताना चीक हातावर ओघळला, तेव्हा हातमोजे घालणे बरे.

दिवाळीनंतर कुंडी पूर्वेच्या कडेला हलवली. जागा बदलली की फायकस रुसतो, तसा तो रुसला आणि पुन्हा थोडी पाने गाळली, पण फेब्रुवारीत आलेली नवी पालवी मलईच्या रंगाची, ठसठशीत कडांची होती. एप्रिलमध्ये दुपारच्या उन्हात चार दिवस राहिलेल्या एका फांदीचे पांढरे काठ मात्र तपकिरी होऊन कागदासारखे कुरकुरीत झाले.

हे झाड जमिनीत लावण्याचा मोह मी टाळला आहे, कारण फायकसची मुळे कुंपणाच्या पायात आणि गटाराच्या पाइपात शिरतात, आणि आमची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते. कुंडीत लाल माती, शेणखत आणि थोडी वाळू पुरते.

रोपाच्या दर्जाबद्दल त्या रोपवाटिकेला चांगलेच गुण देईन. पुढच्या खेपेस तिथे जाईन तेव्हा पैसे देण्याआधी पिशवीचा तळ उघडून मुळे दाखवायला सांगेन.