एल कमिनो, साडेआठ महिन्यांनंतर: हौदा आहे, पण भार पेलायची सोय काढून टाकलेली

एप्रिलमधल्या एका शनिवारी, कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये, एल कमिनो रिआल या जवळपास तिच्याच नावाच्या रस्त्यावर माझी 1972 ची शेव्हरोले एल कमिनो, म्हणजे पुढून कार आणि मागे पिकअपसारखा मालाचा हौदा असलेली गाडी, जळक्या रबराचा वास सोडत उभी राहिली. हौद्यात ओल्या मातीच्या चौदा पिशव्या होत्या, जेमतेम अडीचशे किलो. मागचा डावा टायर मडगार्डच्या आतल्या कडेला घासून घासून कापला गेला होता. टो ट्रकची वाट पाहत मी फुटपाथवर पाऊण तास उभा होतो. तिथेच फोनवरून गाडी विकायची जाहिरात टाकली, इतका संताप झाला होता.

ही गाडी ज्यांना माहीत आहे त्यांना 350 घन इंचांचं इंजिन, तीन गिअरचं ऑटोमॅटिक वगैरे सांगत बसत नाही. माझी गाडी फेब्रुवारीत घेतलेली, 'कस्टम' केलेली. गडद लाल रंग, मागचा बंपर काढून तिथे सपाट पत्रा जोडलेला, मूळच्या 14 इंचीऐवजी 18 इंची चाकं, आणि मागची बाजू तीन इंच खाली उतरवलेली. जाहिरातीतला फोटो पाहून मी भुललो हे खरं. पहिले दोन महिने ऑफिसला जाता-येता एकही तक्रार नव्हती. पेट्रोल पिते, गॅलनला तेरा मैल, म्हणजे लिटरला साडेपाच किलोमीटर. त्यात कॅलिफोर्नियात पिकअप म्हणून नंबरप्लेट व्यावसायिक, त्यामुळे दरवर्षी वजनाची फी वेगळी. पण 1975 पर्यंतच्या गाड्यांना इथे धुराची तपासणी नाही, तेवढे पैसे वाचतात.

तर ती तीन इंच. आठ महिन्यांत मी सगळ्यात जास्त विचार केला असेल तर या तीन इंचांचा.

सांगलीला बाबांना व्हिडिओ कॉलवर गाडीची खालची बाजू दाखवली. त्यांनी बावीस वर्षं टेम्पो चालवला आहे. मी मागचं अंतर मोजून सांगायला लागलो तर म्हणाले, "अरे, रिकाम्या गाडीची उंची काय सांगतोस? माल भरल्यावर पाटे किती बसतात ते सांग." मी म्हटलं, "बाबा, हिला पाटे नाहीत, मागेसुद्धा कारसारख्या गोल स्प्रिंगा आहेत." ते क्षणभर थांबले. "मग माल कशावर पेलते?"

या प्रश्नाचं उत्तर शोधताना ही गाडी मला खऱ्या अर्थाने कळली. फोर्डने रँचेरो ही अशीच हौद्याची कार 1957 साली आणली, तिला उत्तर म्हणून 1959 ला एल कमिनो आली, दोन वर्षांत बंद पडली आणि 1964 मध्ये शेव्हरोलेच्याच शेव्हेल कारच्या सांगाड्यावर परत आली. पुढे 1987 पर्यंत चालली. कारचीच चाल ठेवायची म्हणजे स्प्रिंग मऊ हवी. मऊ स्प्रिंगवर माल टाकला की मागची बाजू बसणार. म्हणून कंपनीने मागे हवा भरायचे शॉक (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) दिले होते. माल भरायच्या आधी पंपावर टायरसारखी हवा मारायची, रिकामी झाली की सोडायची. किती साधी आणि शहाणी सोय! माझ्या गाडीत चासीला चिकटून त्या हवेच्या नळीचा वीतभर तुकडा तेवढा उरला होता. शॉक कुणीतरी काढून साधे बसवलेले आणि स्प्रिंगा चक्क कापलेल्या.

स्प्रिंगचे वेढे कापले की ती ताठ होते आणि तिला दबायला जागाही उरत नाही. म्हणजे रिकामी असताना धक्के, भरल्यावर टायर घासणार. गाडी देखणी करण्यासाठी तिचं कामच काढून घेतलं, याचा मला आजही राग येतो.

जवळच्या एका गॅरेजवाल्याने 3,800 डॉलर सांगितले. स्प्रिंगांच्या जागी हवेच्या पिशव्या (एअर बॅग), कॉम्प्रेसर, टाकी, वर रिमोट. मला फक्त मूळची उंची परत हवी आहे असं तीनदा सांगितलं, तर "मग गाडीचा लूक जाईल" हेच उत्तर. पुढच्या वेळी गेलो तर तपासणीचे म्हणून 160 डॉलर मागितले, ज्याबद्दल आधी एक शब्दही बोलले नव्हते. भांडलो, निम्मे दिले आणि गाडी घरी आणली.

मूळ उंचीच्या स्प्रिंगांची जोडी, एअर शॉकची जोडी आणि नळ्या, सगळं मिळून 340 डॉलर. घरच्या गॅरेजमध्ये दोन रविवार लागले. एक चूक केली ती सांगतो. दोन्ही शॉक मी एकाच नळीला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून जोडले. वळणावर गाडी भीती वाटावी इतकी कलायला लागली. कारण सरळ आहे: वळताना बाहेरच्या शॉकवर दाब येतो आणि त्यातली हवा आतल्या शॉकमध्ये पळते. आता दोन स्वतंत्र नळ्या, दोन वॉल्व्ह. रिकामी असताना 30 पीएसआय, भरली की 80. आणि नुसते शॉक बसवून उंची मिळवू नका, सगळा भार शॉकच्या वरच्या बोल्टांवर येतो. आधी स्प्रिंग नीट हवी.

यानंतर माझं मत पूर्ण पालटलं. सप्टेंबरात मंडळाच्या गणपतीसाठी प्लायवूडचे आठ बाय चारचे सहा तक्ते, मखराचा सांगाडा आणि दोन समया घेऊन गेलो. तक्ते चाकांच्या उंचवट्यांवर टेकले, फाळका उघडा ठेवून दोऱ्या आवळल्या. मागचा भाग बोटभरही बसला नाही. हौद्याच्या पुढच्या टोकाला, फरशीखाली बोल्टने बंद केलेला एक खण असतो, समया त्यात फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. हा खण मला जुलैपर्यंत माहीतच नव्हता!

जाहिरात पाहून एक गृहस्थ आले होते. चांगली किंमत देत होते, पण गाडी घेतल्या घेतल्या पुन्हा खाली उतरवणार म्हणाले. त्यांना नाही सांगितलं आणि त्याच रात्री जाहिरात काढली.

तुम्ही अशी गाडी बघायला जाणार असाल तर चार धडधाकट मित्र सोबत न्या, त्यांना हौद्यात उभं करा आणि मग टायर व मडगार्डमध्ये हात घालून बघा. तो फरशीखालचा खणही उघडायला लावा. त्यात पाणी साचून पत्रा सडतो. माझ्या खणात उजव्या कोपऱ्यात रुपयाएवढं भोक आहे. पावसाळा नोव्हेंबरात सुरू होईल, त्याआधी ते वेल्ड करून घ्यायचं आहे.