इम्पालाचं ओरिजिनल घड्याळ परत चालू झालं! (पुण्यातल्या घड्याळवाल्या काकांचा रिव्ह्यू)

आमच्या बाबांची १९६४ ची शेवरोले इम्पाला आहे, इंजिन एकदम ओके पण डॅशबोर्डातलं घड्याळ मला आठवतंय तेव्हापासून बंद. ज्याला विचारावं तो म्हणणार आतलं मशीन काढून टाका आणि क्वार्ट्झ बसवा. मला ते अजिबात मान्य नव्हतं, वरून ओरिजिनल डायल आणि आत भलतंच मशीन, मग जुनी गाडी जपायची कशाला? शेवटी एका मित्राने पेठेतल्या या काकांचं नाव सांगितलं.

काकांनी आधी नीट समजावलं. हे घड्याळ बॅटरीवर चालतं असं आपल्याला वाटतं पण आत बॅलन्स व्हील (डोलणारं चाक), हेअरस्प्रिंग (त्या चाकाची केसासारखी बारीक स्प्रिंग) सगळं चावीच्या घड्याळाचंच असतं, करंट फक्त चावी द्यायचं काम करतो. चावीची स्प्रिंग उतरली की दोन पॉइंट (करंट जोडणारी धातूची टोकं) टेकतात, कॉइल (तारेचं वेटोळं) जोरात झटका देते, स्प्रिंग ताणली जाते आणि पॉइंट सुटतात, हे दर एक-दोन मिनिटांनी चालूच. बॅटरी उतरली असेल तर झटक्यात जोर राहत नाही, पॉइंट चिकटून राहतात, करंट वाहत राहतो आणि पॉइंट नाहीतर कॉइल जळते. बहुतेक गाड्यांची घड्याळं अशीच जातात म्हणे.

भिंगातून आमचे पॉइंट दाखवले, एकावर खड्डा आणि समोरच्यावर काळा उंचवटा. नशिबाने कॉइल शाबूत होती. मग पॉइंट घासले, अख्खं मशीन खोलून धुतलं (जुनं तेल डिंकासारखं घट्ट झालेलं), नवीन ऑइलिंग केलं आणि बारा व्होल्टवर दुकानातच चालवून बघितलं. डायल आणि काट्यांना रंग लावला नाही, हे मला सगळ्यात आवडलं.

साडेतीन हजार घेतले, काम बघता जास्त नाही वाटले. वेळ मात्र भरपूर लावतात आणि फोन उचलत नाहीत, घाई असेल तर जाऊ नका. सुरुवातीला घड्याळ थोडं मागे पडत होतं, पण या मशीनमध्ये काटे पुढे करून टाइम लावला की स्पीडही आपोआप थोडा वाढतो, तसं करत करत आता बरोबर चालतंय. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर बॅटरीची वायर काढून ठेवा, हे काकांनी दोनदा बजावलं. आणि डॅशबोर्डातून काढणं-बसवणं ते करत नाहीत, त्यासाठी तुमचा वायरमन बघा.