मारवेल-शेड्याचं कुरण: पहिल्या पावसापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

ताडोबातलं नवेगाव, जामणी किंवा मेळघाटातलं बोरी, कोहा, कुंड. अशा पुनर्वसन झालेल्या गावांची शेतं मोकळी झाली की तिथं चितळ-सांबरांसाठी कुरण करायचा विषय निघतो. जमीन नुसती सोडून दिली तर पहिल्याच पावसात तरोटा आणि रानतुळस माजतात, आणि ही दोन्ही झाडं चितळ तोंडात धरत नाही. आम्ही अशाच एका जुन्या शेतजमिनीवर देशी गवत लावलं. भारी काळ्या जमिनीत मारवेल आणि मुरमाड उतारावर शेडा, पवन्या. उन्हाळा उतरेपर्यंत वापरून झालेलं मत एवढंच: गवत उत्तम आहे, पण चितळ येणार की नाही हे लागवडीपेक्षा कापणीवर ठरतं.

आधी बी की ठोंबं (झुबका फोडून काढलेले मुळांसकट फुटवे), हा प्रश्न. मारवेलचं बी हलकं आणि लवदार असतं. विकत आणलेल्या पोत्यात निम्माशिम्मा भुसा निघू शकतो. तळहातावर चोळून आत दाणा लागतो का ते बघावं, आणि ओल्या फडक्यात 100 बिया ठेवून उगवण मोजूनच पैसे द्यावेत. ताजं बी सुप्तावस्थेत असतं, त्यामुळे मागच्या हंगामातलं बी जास्त उगवतं. हेक्टरी 6 ते 8 किलो बी बारीक मातीत कालवून फेकायचं आणि वर फांदी ओढायची. एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं तर ते वर येत नाही. एवढं करूनही उगवलेलं पातळ पातं तरोट्याच्या दाट सावलीत गुदमरतं. म्हणून भारी जमिनीत आमचा कौल ठोंबांनाच. बी उतारावर वापरावं, तिथं तण मुळातच विरळ असतं.

ठोंबं जंगलातल्याच जोमदार झुबक्यांतून काढावीत. मारवेल ओळखायला पेरं बघा, प्रत्येक पेराभोवती पांढऱ्या केसांचं कडं असतं. झुबका फोडून दोन-तीन फुटवे आणि मुळं असलेला तुकडा घ्यायचा, वरची पाती 15 सेंटिमीटरवर छाटायची, ओल्या पोत्यात गुंडाळायचं आणि त्याच दिवशी लावायचं. 50 बाय 50 सेंटिमीटर अंतर धरलं तर हेक्टरी 40,000 खड्डे होतात आणि खड्ड्याला दोन ठोंबं लागतात. मजुरांचा हिशेब या आकड्यावरून आधीच करा. लावल्यावर टाचेनं माती घट्ट दाबणं ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मुळाशी पोकळी राहिली की जुलैच्या उघडिपीत ठोंब वाळतं. पाऊस परतला की लगेच नांग्या, म्हणजे ठोंब मेलेल्या रिकाम्या जागा, भराव्यात, ऑगस्ट उलटल्यावर भरलेल्या नांग्या तग धरत नाहीत. जुन्या धुऱ्यांमागे, म्हणजे शेताच्या बांधांमागे, पाणी तुंबतं आणि ठोंबं सडतात. धुरा पूर्ण सपाट करू नका, माती वाहून जाते. मध्ये चर काढून पाण्याला वाट द्या.

तणाचं वेळापत्रक चुकवून चालत नाही. तरोटा फुलावर आला की शेंग धरायच्या आत उपटायचा. रानतुळस सप्टेंबरात जमीन ओली असताना मुळासकट सहज निघते, ऑक्टोबरनंतर तिचं बी गळायला लागतं आणि पुढच्या वर्षाचं काम दुप्पट होतं. घाणेरी (टणटणी, लँटाना) मात्र कोयत्यानं वरून छाटू नये, ती दुप्पट फुटव्यांनी परत येते. कॉर्बेटमध्ये दिल्ली विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी वापरलेली पद्धत योग्य: मुख्य मूळ जमिनीखाली 3 ते 5 सेंटिमीटरवर कुदळीनं तोडायचं आणि झुडूप उलटं करून मुळं उन्हात वाळू द्यायची. पक्षी घाणेरीचं बी झाडांखाली टाकत राहतात, म्हणून मोठ्या झाडांखालची रोपं पुढची दोन-तीन वर्षं उपटत राहावी लागतात.

आता कापणी. ऑक्टोबरात मारवेल कमरेला लागला की कुरण डोळ्यांना सुरेख दिसतं, पण चितळ त्यात शिरायला नाखूष असतात. उंच गवतात वाघ-बिबट दडतात, आणि चितळाला आखूड कोवळी पाती हवी असतात. बी गळल्यावर, डिसेंबराच्या आत, गवत 15 ते 20 सेंटिमीटरवर पट्ट्यापट्ट्यांनी कापावं. एक पट्टा कापलेला, एक राखलेला. काळ्या जमिनीत उरलेल्या ओलीवर कापलेल्या पट्ट्याला पालवी फुटते आणि कळप तिथंच रमतात. राखलेल्या पट्ट्यात पाडसं लपतात आणि पुढच्या पावसाला बी मिळतं. मुरमाड उतारावर मात्र कापून फारशी पालवी येत नाही, शेडा तसाच वाळतो. तिथल्या पवन्या-शेड्याचा खरा उपयोग पावसाळ्यातला आहे. गवा आला तर राठ गवत तोच मोडून देतो आणि मागून चितळांना कोवळा फुटवा मिळतो.

चरणारं कोण हे पात्यावर दिसतं. चितळाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे पातं ओढून तुटतं आणि टोक फाटकं राहतं. सशानं खाल्लेलं टोक सुरीनं कापल्यासारखं तिरकं, स्वच्छ असतं. एक मीटर चौरस जाळीचे चार-पाच पिंजरे उभारले की आतलं आणि बाहेरचं गवत ताडून चराईचा दाब कळतो. पहिल्या पावसाळ्यात ठोंबं मुळं धरेपर्यंत काटेरी फांद्यांचं कुंपण हवंच, नाहीतर कळप ती उपटून टाकतो. नंतर ते काढून टाका.

तीन गोष्टींचा आग्रह. गावातलं शेणखत कुरणात आणू नये, त्यातून तणाचं बी येतं. गावची गुरंही आत चरू देऊ नयेत, त्यांच्यामार्फत लाळ्या-खुरकूत वन्यप्राण्यांत जाऊ शकतो. आणि जंगलालगतच्या खासगी शेतात हौसेनं असं कुरण करू नका. चितळ आपला बांध आणि शेजाऱ्याचा हरभरा यांत फरक करत नाहीत.

15 फेब्रुवारीला वणव्याचा हंगाम सुरू होतो. त्याआधी कुरणाभोवतीची जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, पूर्ण हवी, कारण राखलेले वाळके पट्टे एका ठिणगीत जातात. पाणवठा दूर असेल तर मार्चपासून कळप पाण्याकडे सरकतात आणि उत्तम पालवीही तशीच उभी राहते. म्हणून कुरणाची जागा निवडताना आधी पाणी बघावं, मग माती.